ओठांवरचा आकडा

सांवेरचे एक सोयाबीनचे व्यापारी आमच्या ऑफिसात कनेक्शन घ्यायला आले, तेव्हा त्यांची अट एकच होती. "पहले माल दिखाओ," ते म्हणाले. इंटरनेट ही दाखवायची वस्तू नाही, हे मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले. त्यांचं चुकत होतं असं मला आज वाटत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर मूठभर दाणे तळहातावर घेऊन भाव ठरवला, तो डोळ्यांना न दिसणारा माल कसा घेईल?

शेवटी मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. लाकडी फळ्यांवर ओळीनं तीस मोडेम मांडलेले होते आणि प्रत्येकाच्या पाठीत टेलिफोनची एक तार होती. शहरात कुणी घरून आमचा नंबर फिरवला की यातला जो मोकळा असेल तो फोन उचलायचा. मग दोन्हीकडचे मोडेम थोडा वेळ एकमेकांशी किंचाळून बोलायचे आणि त्यांची ओळख पटायची. आमची एक पेटी त्या गिऱ्हाइकाचं नाव आणि पासवर्ड तपासायची, आणि सगळं ठीक असेल तर त्याच्या कॉम्प्युटरला एक पत्ता द्यायची. हा पत्ता म्हणजे टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे. पुढे राउटर नावाची दुसरी पेटी. तिचं काम डाकखान्यातल्या छाननीचं. येणाऱ्या प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचायचा आणि ते कुठल्या दिशेला टाकायचं ते ठरवायचं. तिथून एक लाइन निघायची ती थेट मुंबईला, आणि मुंबईहून समुद्राखालून जगात.

व्यापाऱ्यांनी सगळं ऐकलं आणि एका मोडेमवर तळहात ठेवला. "गरम है. मतलब चालू है," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर सही केली. पुढे ते आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक झाले आणि सगळ्यात तापटही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण या गोष्टीत त्यांना एकदा विनाकारण त्रास झालेला आहे, आणि तो माझ्यामुळे झालेला आहे.

मागच्या वर्षी मी नोकरीतून मोकळी झाले. लोक विचारतात, एवढी वर्षं नक्की काय केलंत? मी म्हणते, पत्ते वाटले. हसतात, पण खरंच तेवढंच काम होतं. आमच्या काळी सांवेर रोडच्या कारखान्यापासून भंवरकुआंच्या हॉस्टेलपर्यंत सगळ्यांना मिळून जेवढी लाइन होती, तेवढी आता माझ्या भाचीच्या एका मोबाइलला पुरत नाही. नर्मदेचं पाणी इंदूरला एकाच मोठ्या नळानं यायचं आणि मग घरोघरी वाटलं जायचं, तसंच हे होतं. सकाळी सगळ्यांनी तोट्या उघडल्या की धार बारीक व्हायची आणि मग फोन सुरू. एका गृहस्थांनी पंचवीस तासांचं पॅकेज घेतलं होतं. त्यांनी इतकी काटकसर केली की मुदत संपायला आली तरी अकरा तास उरले. ते तास जावयाच्या नावे करून द्या, म्हणून ते दोन दिवस आमच्या ऑफिसात बसून होते. आम्ही करून दिले. जावयाचा मान शेवटी राखायलाच हवा.

आमचे मालक राजूभिया; भैयाला इंदुरात भिया म्हणतात. घराणं कापडाचं, पण इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तसं त्यांनी ओळखलं की आता कापडात राम नाही. तेवढ्यात सरकारनं खाजगी कंपन्यांना इंटरनेटचे परवाने देऊ केले आणि राजूभियांनी अर्ज टाकला. त्यांना मोडेम आणि स्टॅबिलायझर यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण माणूस दिलदार. रागही तसाच मोठा, भरकन् येणारा.

ते दिवस वीजकपातीचे होते. दिवसातून कितीतरी तास लाइट जायची आणि रस्त्यावरचं प्रत्येक दुकान आपापला जनरेटर सुरू करायचं. आमचा तर सर्व्हररूमच्या खिडकीलाच खेटून होता. तो धडधडू लागला की आम्ही सगळे एकमेकांच्या कानात ओरडायचो, आणि तरी 'वायर' मागितली की कुणीतरी 'टायर' आणायचं. माझी ती पहिलीच नोकरी, आणि दोन-तीन महिन्यांत माझा आवाज भाजीवालीसारखा झाला, असं आई म्हणायची.

या गोंधळात सखारामकाका नोकरीला लागले. बंद पडलेल्या एका गिरणीत ते लूमखात्यात जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम. पन्नाशी ओलांडलेली. गिरणी गेल्यावर त्यांनी पहारेकऱ्याचं काम केलं, शेवेच्या कारखान्यात पाकिटं भरली, आणि मधली बरीच वर्षं नुसती घरी काढली. राजूभियांनी त्यांना तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. छतांवर चढून केबल टाकायची, अँटेना बसवायच्या, आणि काम जमलं तर पुढे कायम. काकांना पहिल्याच दिवशी गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. ते घालून ते भाजी आणायलाही जातात, असं त्यांच्या घराजवळ राहणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितलं. आम्ही हसलो. मग तीच म्हणाली, की काकू शेजारणींना बोलावून ते कार्ड दाखवतात. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

काका कामाला चोख होते. तारेला हात लावायचे ते धाग्याला लावल्यासारखा, दोन बोटांनी. जनरेटर चालू असला तरी ते कधी ओरडायचे नाहीत आणि कुणाला पुन्हा विचारायचे नाहीत. फक्त एक खोड होती. फोन घ्यायची पाळी आली की त्यांना काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं आणि ते खोलीबाहेर जायचे.

आता चुकीकडे येते. फोननं जोडलेल्या गिऱ्हाइकाला दर वेळी नवा पत्ता मिळतो, पण कारखाने, मोठे व्यापारी आणि सायबर कॅफे यांना आम्ही रेडिओनं जोडायचो. आमच्या गच्चीवर एक अँटेना, त्यांच्या छतावर एक जाळीची थाळी, आणि त्यांना कायमचा पत्ता. त्यातले पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा वेगळा. भंवरकुआंला मनोज नावाच्या माणसानं कोचिंगच्या पोरांसाठी नवा कॅफे उघडला होता. त्याच्यासाठी रजिस्टरमध्ये मी शेवटचा आकडा लिहिला होता ७९. काका तिकडे निघाले होते. मी सर्व्हररूममध्ये काचेच्या आत, ते काचेबाहेर, आणि मध्ये जनरेटर. मी रजिस्टर पाहून आकडा सांगितला, त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतला आणि ते गेले.

संध्याकाळी सांवेरवाल्या व्यापाऱ्यांचा फोन आला. त्यांचं कनेक्शन दर दोन मिनिटांनी जात होतं आणि पुन्हा येत होतं. तासाभरानं मनोजचा फोन आला, त्याचंही तेच. एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमन कधी इथे टाकणार, कधी तिथे, तसा हा रोग असतो. व्यापाऱ्यांचा आकडा होता ८९. मनोजच्या मशीनवर पाहिलं, तर तिथेही ८९.

शोधायला दीड दिवस गेला. व्यापारी स्वतः ऑफिसात येऊन राजूभियांना सगळ्यांसमोर नको ते बोलून गेले. राजूभियांनी काकांना बोलावलं आणि विचारलं, की मॅडमनी उन्यासी सांगितलं, तुम्ही नवासी कसं टाकलंत? काका काही बोलले नाहीत. मीही नाही. मला खात्री होती की त्यांनी चुकीचं ऐकलं. हिंदीत ते दोन आकडे आहेतच तसे, ७९ म्हणजे उन्यासी आणि ८९ म्हणजे नवासी, एकमेकांत कुणीही गोंधळून जावं. राजूभिया म्हणाले, बोलीचे अजून तीन आठवडे उरलेत, यापुढे एक जरी चूक झाली तरी कार्ड जमा करायचं. काकांचा हात गळ्यातल्या कार्डावर गेला आणि तिथेच राहिला.

दोन दिवसांनी मी त्यांना गच्चीवर मागून हाक मारली. लाइट होती, जनरेटर बंद होता, आणि मी चार पावलांवर होते. ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली, मग खांद्याला हात लावला. ते दचकले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले, नेहमी पाहायचे तसे, नेमके ओठांकडे. तेव्हा मला सगळं कळलं.

"कान गिरणीतच राहिले, ताई," ते म्हणाले. "बत्तीस साल लूमखात्यात. तिथे कुणालाच ऐकू यायचं नाही, म्हणून काही अडलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. शेकडो माग एकदम चालतात तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून गिरणीतली माणसं ओठ वाचायला शिकतात आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, माग थांबव, हळू घे, साहेब येतोय, सगळ्याला खूण. आकड्यांना तर पक्की रीत. उजवा हात दशकाचा, डावा एककाचा. पाचापर्यंत बोटं समोर, त्यापुढे गेलं की हात खांद्याला टेकवून उरलेली बोटं. आणि तुटलेला धागा जुळला की दोन्ही तर्जन्या वाकवून एकमेकांत अडकवून दाखवायच्या. मी तिथेच गच्चीवर शिकायला बसले. खरं सांगायचं तर मला फार मजा आली. आठवड्याभरात आम्ही दोघं काचेच्या आरपार सगळं बोलू लागलो आणि माझा घसा सुधारला. राजूभियांना कानांचं सांगू नका, एवढं काकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं, पण एक मनात होतंच, की चूक यांच्या कानांची आहे आणि मी ती झाकते आहे. आपण मोठ्या मनाच्या आहोत, असं मला त्या दिवसांत वाटत असे.

बोलीचा शेवटचा आठवडा चालू होता. एका प्रवेश परीक्षेचा निकाल पहिल्यांदाच इंटरनेटवर लागणार होता, सकाळी अकरा वाजता. मनोजनं कॅफेबाहेर फलक लावला होता आणि राजूभियांनी त्याला शब्द दिला होता. पहाटे वावटळ आली. नऊ वाजता मनोजचा फोन आला की लाइन मेली आहे. काका आणि मी स्कूटरनं निघालो. पोचलो तर कॅफेसमोर दीड-दोनशे पोरं उभी होती, काहींचे आईबाप खेड्यांतून आलेले. वाऱ्यानं छतावरची थाळी फिरली होती आणि लाइट गेलेली असल्यानं त्या रस्त्यावरचे झाडून सगळे जनरेटर सुरू होते.

थाळी जुळवणं हे दोन माणसांचं काम. एकानं वर थाळी केसभर फिरवायची, दुसऱ्यानं खाली स्क्रीनवर सिग्नलचा आकडा पाहून वर सांगायचा. आकडा साठाच्या वर गेला तर लाइन चालते. थाळी चार मजल्यांच्या वर पाण्याच्या टाकीवर, स्क्रीन तळमजल्यावर. मोबाइल ऑफिसात एकच, तो राजूभियांच्या खिशात, आणि राजूभिया मागून गाडीनं येत होते. त्या आवाजात चार मजले वर हाक पोचणं कुणालाही शक्य नव्हतं, चांगल्या कानांच्या माणसालासुद्धा.

काका वर चढले. मी मनोजला सांगून कॉम्प्युटर दाराशी ओढून घेतला, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि हात वर केले. बारा. सतरा. मग नऊ. मी 'उलट'ची खूण केली. काकांनी मान हलवली आणि थाळी दुसरीकडे घेतली. एकवीस, तेहेतीस, चाळीस. पोरं आधी माझ्याकडे बघून हसत होती. कुणीतरी विचारलं, "ये मैडम को क्या हुआ?" मग त्यांच्या लक्षात आलं की माझे हात बदलले की वर थाळी हलते, आणि ती गप्प झाली. एकूणएक माना खाली स्क्रीनकडे, मग वर टाकीकडे. बावन्न. हळू घे. अठ्ठावन्न. एकसष्ट. काही पोरं टाळ्या वाजवू लागली, पण काकांनी हात सोडला नाही. जॉबर होते, साठावर समाधान मानणारे नव्हते. अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, आणि मग आकडा एकोणऐंशीवर जाऊन ठरला.

मी उजव्या हातानं सात दाखवले, डाव्यानं नऊ. काकांनी ते पाहिलं आणि टाकीवर उभ्या उभ्या हसू लागले, पोट धरून. लाइन जुळल्याचा आनंद झाला असेल, असं मला वाटलं. मी दोन तर्जन्या एकमेकांत अडकवून वर केल्या. त्यांनीही केल्या. आणि मग त्या दीड-दोनशे पोरांनी, कुणी काही न सांगता, तशीच बोटं अडकवून हात वर केले. सगळा रस्ता धागा जुळल्याची खूण करत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

राजूभिया त्या गर्दीच्या मागे कधी येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. काका खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, ही कुठली भाषा? काकांनी या वेळी सगळं सांगून टाकलं, कानांसकट. राजूभिया त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "भिया, कल से पक्के." अकरा वाजता निकाल लागला. जे पास झाले त्यांनी मनोजच्या कॅफेसमोर सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवली. जे झाले नाहीत, त्यांनीही खाल्ली.

त्यानंतर काका आठ वर्षं आमच्याकडे होते. आमचं सगळं तांत्रिक खातं हातांनी बोलायला शिकलं. नवीन आलेल्या इंजिनिअरला आधी काकांकडे आठवडाभर बसवायचं आणि मग राउटरला हात लावू द्यायचा, अशी पद्धतच पडली. पुढे रेडिओ जाऊन काचेच्या केबल आल्या, मोडेमच्या फळ्या भंगारात गेल्या, जनरेटरही शांत झाले, पण ती खूण टिकली. लाइन आली की आमच्यात कुणी 'आली' असं म्हणत नसे.

काका निवृत्त झाले त्या दुपारी त्यांनी आपल्या खिशातल्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. दर कामाचा पत्ता त्यांत लिहिलेला होता, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून. सगळ्यात जुनी वही मी सहज उघडली. तिसऱ्याच पानावर मनोजच्या कॅफेचा पत्ता होता. शेवटचा आकडा ८९, आणि खाली बारीक अक्षरात, 'ताई म्हणाल्या नवासी. ओठ नीट पाहिले.'

आमच्या घरी पाढे मराठीत पाठ झाले आणि बोलण्यात आकडे यायचे ते हिंदीत, इंदूरच्या सगळ्याच मराठी घरांत असतं तसं. त्या दिवशी रजिस्टरमध्ये मी मनातल्या मनात एकोणऐंशी वाचलं असणार, समोरच्या ७९ मधला नऊ घेतला, एकोणऐंशीतला ऐंशी घेतला, दोन्ही जोडून हिंदी केलं आणि नवासी म्हणून मोकळी झाले. आठ वर्षं मी ज्यांच्या कानांची चूक पोटात घालत होते, त्यांनी माझं बोलणं अचूक वाचलं होतं. टाकीवर माझ्या हातांतले ७९ पाहून ते का हसले होते, तेही मला आता कळलं.

मी वही त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, तेव्हा का नाही बोललात?

"उन्यासी म्हणायला ओठ गोल होतात, ताई. नवासीला खालचा ओठ दातांना लागतो. तुमचा लागला होता," ते म्हणाले. मग वही मिटून माझ्या हातात देत म्हणाले, "तुम्ही तेव्हा नव्या होता. नव्या माणसाची पहिली चूक जॉबरनं अंगावर घ्यायची, अशी आमच्या खात्यात रीत होती. माझीही कुणीतरी घेतली होती."

"तुमची नोकरी गेली असती, काका."

"जॉबर तर राहिलो असतो."

संध्याकाळी निरोपाचा समारंभ होता. राजूभियांनी मला बोलायला उभं केलं. मी ठरवून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि सांगितलं, की सांवेरच्या कनेक्शनची ती चूक सखारामकाकांची नव्हती, माझी होती. राजूभिया खुर्चीत पुढे सरकले. काका मात्र शेवटच्या रांगेत नातीला जलेबी भरवण्यात गुंतले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

नातीनंच त्यांची बाही ओढली. त्यांनी मान वर करून माझ्या ओठांकडे पाहिलं. मी आवाज न काढता, खालचा ओठ दातांना नीट लावून, एकच शब्द म्हणाले. नवासी.

काका हसले, टाकीवर हसले होते तसेच. मग पाकानं माखलेल्या दोन तर्जन्या एकमेकांत अडकवून त्यांनी हात वर केले.